भुशाला पहिले गिऱ्हाईक हवे आहे

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

दिवाळी उलटली की आमच्या गोंदियातल्या राईस मिला दिवसरात्र धडधडू लागतात. बांधीतले धान कापून झालेले असते, कडपा उचललेल्या असतात, पुंजणे मोडून मळणी चाललेली असते आणि ट्रॅक्टरच्या रांगा रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. मिलच्या मागच्या बाजूला एक जाड पाइप बाहेर आलेला असतो. त्यातून धानाचे टरफल, म्हणजे आमच्या बोलीतला भुसा, अखंड उडत असतो. १०० क्विंटल धान भरडले की साधारण २० क्विंटल भुसा पडतो. उसना तांदूळ करणाऱ्या मिला त्यातला बराचसा बॉयलरमध्ये जाळतात. मागे उरते ती राख, भुशाच्या वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा. ती करडी-काळी राख इतकी हलकी असते की वारा सुटला की ती शेजारच्या बांधीतल्या पाण्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर आणि माणसांच्या डोळ्यांत जाते. मी याच जिल्ह्यात वाढलो आणि जवळपास तीस वर्षे तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवली. भुशाचा हा ढीग मी लहानपणापासून पाहतो आहे. तो अजून तिथेच आहे, म्हणून आपल्याला हे पत्र.

आपल्या सरकारने २०२५ मध्ये राज्याचे नवे स्टार्टअप, उद्योजकता व नाविन्यता धोरण मंजूर केले. त्यात ५०० कोटी रुपयांच्या मुख्यमंत्री महाफंडाची घोषणा आहे. ती वाचून आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली. आनंद यासाठी, की नव्या उद्योगाला सुरुवातीचा पैसा लागतो हे शासनाने मान्य केले. काळजी यासाठी, की हा पैसा मोबाइलवरच्या ॲपला आणि भुशापासून इंधन करणाऱ्या यंत्राला एकाच मापाने मोजून दिला गेला, तर ॲप पुढे जाईल आणि यंत्र गंजेल. स्वच्छ ऊर्जेच्या उद्योगात मी हे होताना पाहिले आहे.

माझा एक माजी विद्यार्थी आहे, आमच्याच जिल्ह्यातला. नाव देत नाही, कारण तो अजून धडपडतो आहे. त्याने भुसा आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, एकत्र करून त्यांच्या दाबलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, करायचे ठरवले. कल्पना साधी आणि बरोबर होती. मोकळा भुसा घनमीटरला शंभर-सव्वाशे किलोच भरतो. ट्रक भरतो तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त हवा असते आणि भाडे मात्र पूर्ण ट्रकचे लागते. तोच भुसा दाबून कांडी केली की तेवढ्याच जागेत पाच-सहा पट माल मावतो. भुशाची उष्णताही कमी नाही. किलोला ३,००० ते ३,५०० किलोकॅलरी, म्हणजे आपल्या देशी कोळशाच्या जवळ जाणारी, आणि राख त्या कोळशाच्या निम्मी.

चार महिन्यांनी तो माझ्या घरी आला. पिशवीतून लोखंडाचा एक जड तुकडा काढून त्याने टेबलावर ठेवला. त्याच्या यंत्राची डाय कापून आणली होती. डायला आठ मिलिमीटरची गोल छिद्रे असतात, त्यांतून माल दाबून कांडी निघते. ती छिद्रे लांबट झाली होती, कडा पार खरवडून गेल्या होत्या, काही ठिकाणी दोन छिद्रांमधली भिंतच पातळ होऊन फुटली होती. मी बोट फिरवले तर कानशीवरून फिरवल्यासारखे लागले. ‘सर, लाकडाच्या भुशावर ही वर्षभर टिकते म्हणाले होते. धानाच्या भुशावर पाच आठवडे.’ कारण दोघांनाही कळत होते. धानाच्या टरफलात सिलिका असते, त्याच्या राखेत तर ८५ ते ९० टक्के सिलिकाच. म्हणजे वाळूच. तो पाच आठवडे लोखंडावर वाळू घासत होता.

यावर उपाय आहेत. डायचे पोलाद बदलता येते, ओलावा नेमका राखता येतो, तणसीचे प्रमाण वाढवता येते. त्याने तेच केले. तिसऱ्या डायला गणित जमू लागले. पण एवढ्यात त्याचे स्वतःचे पैसे संपले, आणि आईचे दागिने बँकेत गेले. कर्जासाठी एका बँकेने सातबारा मागितला. जमीन अजून आजोबांच्या नावावर होती. मग त्याने मुंबईतल्या एका गुंतवणूक फंडाशी बोलणे केले. दोन व्हिडिओ कॉल झाले. पलीकडचे लोक हुशार होते, सौजन्याने बोलले. त्यांनी एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारला: सात वर्षांत हा धंदा दहा पट कसा होईल? त्याने प्रामाणिकपणे सांगितले की सात वर्षांत तो तीन तालुक्यांत तीन कारखाने उभे करू शकेल. तिसरा कॉल आला नाही.

महोदय, त्या फंडावर माझा राग नाही. साहसवित्ताचे, म्हणजे व्हेंचर कॅपिटलचे, गणितच तसे आहे आणि ते आपल्यासमोर नीट मांडले पाहिजे. व्हेंचर कॅपिटलचा फंड साधारण दहा वर्षांसाठी असतो. त्यातला पैसा दुसऱ्यांचा असतो आणि दहा वर्षांत तो फायद्यासह परत करायचा असतो. दहा कंपन्यांत पैसे घातले तर पाच-सहा बुडणार, दोन-तीन जेमतेम तरणार, हे गृहीत असते. म्हणून उरलेली एक-दोन जी चालतील ती इतकी वाढली पाहिजेत की बाकीच्यांचा खड्डा भरून निघेल. सॉफ्टवेअरमध्ये हे होते, कारण पहिली प्रत करायला खर्च येतो, दहा लाखावी प्रत जवळपास फुकट पडते. लोखंड, आग आणि भुसा यांच्या धंद्यात दहावा कारखाना उभारायला पहिल्याइतकेच सिमेंट लागते. आमच्याकडे मोहाचे झाड लावले तर पहिला बहर यायला आठ-दहा वर्षे जातात. फंडाचे आयुष्य तेवढ्यात संपते.

हे केवळ माझे म्हणणे नाही. अमेरिकेत २००६ ते २०११ या काळात व्हेंचर कॅपिटलने स्वच्छ तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत २५ अब्ज डॉलरहून अधिक पैसा ओतला आणि त्यातला निम्म्याहून जास्त बुडाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मांडले आहे. सोलिंड्रासारखी नावाजलेली सौर कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की नवे पदार्थ, नवी रसायने, नवी यंत्रे घडवणाऱ्या कंपन्यांसाठी हा पैशाचा प्रकारच चुकीचा होता. या पैशाला घाई होती आणि कामाला घाई चालत नव्हती. आपल्या देशातही केंद्राने २०१६ मध्ये सिडबीमार्फत १०,००० कोटींचा फंड ऑफ फंड्स सुरू केला. तो पैसा फंडांना जातो आणि कोणत्या कंपन्यांना द्यायचा हे ते फंड ठरवतात. म्हणजे पुन्हा तेच दहा वर्षांचे घड्याळ, आणि निवड करणारी माणसे मुंबई, दिल्ली, बेंगळुरूत.

मग कुणाचे जमले? जमलेल्यांकडे नीट पाहिले तर त्यांना आधी काय मिळाले ते दिसते.

बिहारमधल्या पश्चिम चंपारणात तमकुहा नावाच्या गावात १५ ऑगस्ट २००७ रोजी हस्क पॉवर सिस्टिम्सने भुशापासून वायू करून गावाला वीज दिली. ज्ञानेश पांडे, मनोज सिन्हा आणि रत्नेश यादव ही मंडळी त्यामागे होती. गाव काळोखात, भुसा उकिरड्यावर, त्यातून दिवे लागले. पण पहिल्या वर्षांचा भार पेलला तो शेल फाउंडेशनसारख्यांच्या अनुदानाने आणि अक्युमेनसारख्या धीराने थांबणाऱ्या संस्थांनी. मोठा पैसा, २ कोटी डॉलरचा, आला तो २०१८ मध्ये, दशक उलटल्यावर. आणि तोवर कंपनीचा भर भुशाकडून सूर्याकडे वळला होता. आम्हा गोंदियाकरांसाठी यात एक इशारा आहे. वायू गाळताना डांबर साचते, पाइप तुंबतात. आणि भुसा विकला जातो हे कळले की कालपर्यंत फुकट नेता येणाऱ्या भुशाला भाव चढतो. ज्याच्या हिशेबात भुशाची किंमत शून्य धरली आहे, त्याचा धंदा पहिल्याच हंगामात आडवा होतो.

आपल्या मराठवाड्यातले उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौर वाळवणी यंत्र केले. २०१३ मध्ये त्या यंत्राने अमेरिकेतली डेल सोशल इनोव्हेशनची स्पर्धा जिंकली. यंत्र चांगले होते, बक्षीस मोठे होते. तरीही नुसते यंत्र विकून धंदा उभा राहिला नाही, कारण शेतकरी बाईने कांदा-टोमॅटो वाळवला तरी तो घेणार कोण? तेव्हा त्यांच्या एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने दिशा बदलली. बायकांनी वाळवलेला माल कंपनीनेच विकत घ्यायचा आणि अन्न उद्योगांना विकायचा. २०२३ मध्ये या कंपनीला अर्थशॉट पारितोषिक मिळाले. यंत्रापेक्षा खरेदीची हमी मोठी ठरली. मला सांगायचे आहे ते सगळे या एका गोष्टीत आहे.

तणसीचीच गोष्ट घ्या. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलच्या प्रकल्पात ऑगस्ट २०२२ पासून तणसीपासून इथेनॉल करण्याची व्यवस्था उभी आहे: वर्षाला २ लाख टन तणस, ३ कोटी लिटर इथेनॉल, खर्च ९०० कोटींच्या वर. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण प्राज १९८३ पासून या क्षेत्रात आहे. तिच्या हातात आधीच्या तीन दशकांची कमाई होती, म्हणून तिने २०१७ मध्ये दौंडजवळ स्वतःच्या बळावर प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आणि पुढची वर्षे तग धरली. जो आज सुरुवात करतो आहे त्याला ही तीस वर्षांची कमाई कोण देणार?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या जिल्ह्यात जमिनीवर पसरलेले आहे. आपण नवेगावबांधला आला असालच. तो तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. असे शेकडो तलाव या भंडारा-गोंदियाच्या मुलखात कोहळी समाजाने बांधले. आज सरकारी कागदांत ते माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. गोंड राजांनी त्यासाठी कर्ज दिले नाही आणि दहा वर्षांत दहा पट मागितले नाही. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने ओलिताखाली येणारी जमीन, असा तो करार होता. पाळ फुटली तर बांधणाऱ्याचे नुकसान. पाणी टिकले तर त्याच्या नातवंडांपर्यंत धान पिकणार आणि राज्याची भरभराट होणार. जोखीम घेणाऱ्याला हिस्सा, आणि त्या हिश्शासाठी लागेल तेवढा वेळ. साहसवित्त म्हणतात ते याहून वेगळे काय आहे? आमच्या पूर्वजांनी ते घड्याळाऐवजी पावसाळ्यांनी मोजले, एवढेच. त्यातल्या कित्येक तलावांवर आजही रोवणी होते.

राज्य शासनाला असा करार आज करता येईल, आणि गोंदियात तर इतरत्र कुठेही करता येणार नाही इतक्या सहज. इथले बरेचसे धान आधारभूत किमतीने पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ विकत घेतात. भरडाई मिलवाले करतात, तांदूळ शासनाला जमा होतो आणि भुसा, कोंडा मिलकडे राहतो. म्हणजे ज्या भुशाबद्दल मी लिहितो आहे तो शासनाने विकत घेतलेल्या धानाचाच आहे. भरडाईच्या करारात एक अट घालता येईल: भुशाचा ठराविक हिस्सा तीन वर्षे ठरलेल्या भावाने स्थानिक नवउद्यमीला द्यायचा. शासनाचा त्यात एक पैसा जात नाही, आणि ज्या भाववाढीने असा धंदा आडवा होतो तीच त्यातून टळते.

विकायचे कुणाला, हा दुसरा प्रश्न. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत आश्रमशाळा आहेत. शेकडो मुलांचा स्वयंपाक दोन वेळा होतो. तिथे पेलेटवर चालणारी भट्टी बसवली तर धूर कमी होईल आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या छातीला आराम पडेल. आपल्या विभागाने स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या नवउद्यमींना १५ लाखांपर्यंतची कार्यादेशाची कामे दिली आहेत. ही योजना मला आपल्या सगळ्या योजनांत सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण ती बक्षीस देत नाही, काम देते. तिला जिल्ह्यात आणा. माझ्या त्या विद्यार्थ्याला १५ लाखांचा धनादेश दिला तर तो चौथी, पाचवी डाय घेईल. तेवढ्याच रकमेची मागणी दिली तर त्याच्याकडे बँक स्वतः चालत येईल, कारण शासनाच्या खरेदी आदेशावर कर्ज देणे तिला सातबाऱ्याइतकेच भरवशाचे वाटते.

मोठे गिऱ्हाईकही दाराशी आहे. तिरोड्याचे औष्णिक वीज केंद्र ३,३०० मेगावॉटचे आहे, ६६० मेगावॉटचे पाच संच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी कोळशाबरोबर पाच टक्के शेतीअवशेषांच्या पेलेट जाळण्याचे धोरण काढले. एवढ्या मोठ्या केंद्राच्या कोळशाचे पाच टक्के म्हणजे पूर्ण भारावर दिवसाला हजार टनांच्या वर माल. एकट्या तरुणाच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. त्याला अशा केंद्राच्या दारात उभे राहायचे तर माल वर्षभर एकाच प्रतीचा आणि एकाच ओलाव्याचा द्यावा लागेल, आणि तेही तिथपर्यंत पोहोचायची दोन-तीन वर्षे आधी आश्रमशाळेच्या भट्टीवर काढूनच. पायरी लहान आहे, पण ती असल्याशिवाय वरचा मजला गाठता येत नाही. आज ती पायरीच नाही.

आणि राख. ज्या सिलिकाने माझ्या विद्यार्थ्याची डाय खाल्ली, तीच या राखेत उरते आणि तीच टायरमध्ये लागते. गुडइयरसारखी कंपनी धानाच्या टरफलाच्या राखेतली सिलिका टायरमध्ये वापरते. आमच्याकडे ती वाऱ्यावर उडते. राखेतून शुद्ध सिलिका काढणे हे पेलेटपेक्षा अवघड काम आहे. त्याला प्रयोगशाळा लागते, रसायनशास्त्राचे जाणकार लागतात आणि पाच-सात वर्षे लागतात. इथे महाफंडाचा खरा उपयोग आहे. अशा कामासाठी पंधरा-वीस वर्षे मुदतीचा वेगळा हिस्सा ठेवा, ज्याला पहिल्या सात वर्षांत परताव्याची अपेक्षाच नसेल. धंदा चालला तर शासनाला हिस्सा मिळावा, बुडाला तर तोटा शासनाने सोसावा आणि उद्योजकाच्या आईचे दागिने सुरक्षित राहावेत.

शासनाने खरेदी केली तर ऑर्डर ओळखीच्यांना जातील, अशी शंका लोक घेतील. ती रास्त आहे, मलाही ती आहे. पण इंधनाच्या बाबतीत चोरी लपवणे कठीण असते. ओलावा किती, राख किती, किलोला उष्णता किती, हे तीन आकडे कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका दिवसात निघतात. गोंदियात असे महाविद्यालय आहे. दर महिन्याला नमुना तपासा आणि आकडे आश्रमशाळेच्या फलकावर लावा. गावातली माणसे वाचतील, आणि ज्याचा माल ओला त्याला पुढची ऑर्डर मिळणार नाही. निवड समितीतही दोन माणसे अशी असू द्या ज्यांनी स्वतः राईस मिल चालवली आहे. सादरीकरण पाहून डाय किती टिकेल हे त्यांना कळणार नाही. पण डाय हातात घेतली की त्यांना लगेच कळेल.

आपण सगळ्या मागण्या एकदम मान्य कराल अशी अपेक्षा नाही. भरडाईचा करार दुसऱ्या विभागाकडे आहे, आश्रमशाळा तिसऱ्याकडे, हे मला ठाऊक आहे. पण कार्यादेशाची योजना आपली आहे आणि महाफंड आपला आहे. या हंगामात भरडाई सुरू असताना एकदा गोंदियाला या. मिलच्या दर्शनी भागातले सत्कार घेऊ नका, मागच्या बाजूला पाइपखाली उभे राहा. माझा विद्यार्थी तिथे त्याची ती कापलेली डाय घेऊन येईल. त्याला व्यासपीठ नको, पारितोषिक नको. एका आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरासाठी एक खरेदी आदेश द्या. पहिला आदेश पाचशे किलोचा असला तरी चालेल.

आपला नम्र,
गोंदिया जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक